माळ्यावर सापडलेली बंदूक ओळखायची कशी?

सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं की आधी भाऊबंद जमतात आणि मग माळा रिकामा होतो. पितळी समया निघतात, पाळणा निघतो, तारा तुटलेली सतार निघते, दोरीने बांधलेली पावत्यांची बोचकी निघतात. एखाद्या घरात जुन्या धोतरात गुंडाळलेली लांब, जड वस्तूही निघते. धोतर सोडेपर्यंत सगळे गप्प असतात. सोडल्यावर घरातलं सर्वांत वयस्कर माणूस सांगतं, "ही आपल्या खापरपणजोबांच्या वडिलांची. पानिपतावर होती."

जुन्या शस्त्रांचा नाद असल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक मला अशा वेळी बोलावतात. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता चहा यायच्या आधीच त्याची वाट बघतो. पानिपतावरची बंदूक मात्र अजून एकाही धोतरातून निघालेली नाही. निघतात त्या बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, नाहीतर त्यानंतरच्या काडतुशी दुनळ्या. सदाशिव पेठेतल्या वाड्यात निघालेल्या तशाच एका बंदुकीला धरून हा लेख लिहितोय. तिच्याकडे मधूनमधून परत येईन.

आधी हात मागे

बंदूक भरलेली आहे असंच समजायचं, मग ती कितीही गंजलेली असो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. त्यात ठासणीची बंदूक रिकामी करणं कटकटीचं काम, सर्वांत सोपा उपाय म्हणजे बार उडवून टाकणं. त्यामुळे भरलेली बंदूक तशीच खुंटीला टांगून ठेवायची सवय अनेक घरांत होती. ज्याने भरली तो गेला, खुंटी गेली, बार आत राहिला.

म्हणून मुलांना खोलीबाहेर काढा. नळीचं तोंड कुणाकडेही येणार नाही अशी बंदूक जमिनीवर आडवी ठेवा. घोडा चढवून बघायचा मोह सगळ्यांना होतो, विशेषतः जावयांना. तो आवरा. आतली कमान (स्प्रिंग) म्हातारी झालेली असते. ती तुटते, किंवा चढवलेला घोडा आपोआप निसटतो. घोड्याखाली हिरवट पडलेली तांब्याची बारीक टोपी दिसली तर ती नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने काढायला जाऊ नका. ती टोपीच सगळ्यांत आधी पेटणारी वस्तू आहे.

नळीत गज घालून बघायची युक्तीही कुणीतरी सुचवतंच. गज आत जाईल तेवढा घालायचा, तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. खूण तोंडाशी धरली की दुसरं टोक नळीच्या मागच्या कानापर्यंत, म्हणजे आग आत जायच्या भोकापर्यंत पोचायला हवं. चार बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी ठासलेलं आहे. युक्ती बरोबर आहे, पण ती पोलिसांच्या शस्त्रागारातल्या माणसाला किंवा परवानाधारक बंदूक-विक्रेत्याला करू द्या. घरचा लोखंडी गज आणि जुना बार एकत्र यायला नकोत.

शेजारी काडतुसं सापडली तर तीही तिथेच राहू द्या. पुण्यातल्या घरांत निघणाऱ्या काडतुसांच्या बुडावर कधी कधी 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरं दिसतात. ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. हा कारखाना १८६९ सालचा. ही अक्षरं वाचून आनंद जरूर होऊ द्या, पण काडतुसं कचऱ्यात किंवा नदीत टाकू नका. परवान्याशिवाय काडतुसं बाळगणं हासुद्धा गुन्हाच आहे. ती बंदुकीबरोबरच पोलिसांच्या हवाली करायची असतात.

बंदुकीआधी कागद

लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. पण बंदुकीची ओळख बरेचदा इथेच पटते आणि पुढचा मनस्तापही इथेच वाचतो.

धोतराइतकंच महत्त्वाचं असतं ते कपाटातलं 'लायसन'. आजोबांच्या कागदपत्रांत, विम्याच्या आणि जमिनीच्या कागदांमध्ये ते दुमडलेलं सापडतं. त्यावर शस्त्राचं वर्णन इंग्रजी आद्याक्षरांत असतं. 'एसबीबीएल' म्हणजे मागून काडतूस भरायची एकनळी, 'डीबीबीएल' म्हणजे तशीच दुनळी, 'एमएल' म्हणजे तोंडातून भरायची, अर्थात ठासणीची. पुढे बोअर, म्हणजे नळीच्या तोंडाचं माप, आणि नंबर. मुळशी-वेल्ह्याकडच्या किंवा कोकणातल्या घराचा परवाना असेल तर त्यावर शेतीसंरक्षणाचा उल्लेख मिळू शकतो. रानडुकरं आणि वानरं हाकलायला असे परवाने दिले जात. कागदावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी जुळला तर अर्ध्याहून जास्त काम झालं.

आता कायदा. 'जुनी आहे म्हणजे परवाना लागत नाही' हा समज फार पसरलाय. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडलेल्या शस्त्रांना सूट आहे खरी. पण अट अशी की ते शस्त्र दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. 'दुरुस्त करूनही' हे दोन शब्द लोक वाचत नाहीत. घोडा मोडलाय, चाप हलत नाही, नळीवर गंज आहे, एवढ्याने सूट मिळत नाही, कारण हे सगळं दुरुस्त होतं. शिवाय आपली बंदूक या सवलतीत बसते की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, काकांनाही नाही.

परवानाधारक वारला असेल तर वारसांनी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. कलम २१ तेच सांगतं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. पावती मिळते, आणि मग वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ मध्ये वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं झाली, तर वारसाकडे ते देता येतं. आजोबा अजून असतील तर हे त्यांच्या समोरच उरकून टाका. नंतर मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या भावंडांची ना-हरकत गोळा करताना घराघरांत काय होतं ते सांगायला नको.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्या दोनांतच मोजली जाते. अर्ज पुणे शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, पिंपरी-चिंचवडमध्ये तिथल्या आयुक्तालयाकडे, आणि जुन्नर-पुरंदरसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

परवाना कुठेच सापडला नाही तर? तर बंदूक गाडीच्या डिकीत टाकून कुणाला 'दाखवायला' नेऊ नका. ती आहे तिथेच ठेवा, सापडली कशी ते तारखेनिशी लिहून काढा, एखाद्या वकिलाशी बोला आणि पोलीस ठाण्यात स्वतःहून कळवा. स्वतःहून कळवलेली बंदूक आणि नाकाबंदीत डिकीत सापडलेली बंदूक या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जमा करण्याआधी जागेवरच भरपूर फोटो मात्र काढून घ्या. पुढचं सगळं ओळखण्याचं काम फोटोंवरच होणार आहे.

फोटो

पूर्ण बंदूक दोन्ही बाजूंनी. मग घोडा आणि चाप यांच्याभोवतालची जागा अगदी जवळून, दोन्ही बाजूंनी आणि वरून. नळीची मागची बाजू, नळीचं तोंड बाजूने (समोर उभं राहून नाही), दस्त्याचं टोक, प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा. शेजारी मोजपट्टी ठेवा. फ्लॅश बंद करा, खिडकीचा तिरपा उजेड घ्या. पुसट कोरीवकाम तिरप्या उजेडातच उठून दिसतं. नंबर दिसणारे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या कौटुंबिक ग्रुपवर टाकू नका. ते कुठे कुठे फिरतात ते आपल्या हातात राहत नाही.

आग कुठून लागते?

बहुतेक लोक बंदुकीवर नाव शोधायला लागतात. मी नाव सगळ्यात शेवटी बघतो. नाव खोटं असू शकतं, विक्रेत्याचं असू शकतं, नंतर कोरलेलं असू शकतं. दारूपर्यंत आग पोचवण्याची तऱ्हा मात्र सहसा लपत नाही. तेव्हा नळीच्या मागच्या टोकाशी जा आणि बघा, आग आत कशी जाते?

नळीच्या उजव्या बाजूला एक बारीक भोक, त्याखाली छोटी वाटी, आणि दस्त्याच्या फटीतून वर आलेला चिमट्यासारखा किंवा दुभंगलेला लोखंडी आकडा असेल, तर ती तोडेदार. भोक म्हणजे कान, वाटीत रंजक म्हणजे बारीक दारू, आणि आकड्यात जळता तोडा, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. चाप ओढला की आकडा खाली झुकतो आणि तोडा रंजकाला लागतो. गडावरच्या तोफांच्या कानात खिळे ठोकून त्या निकामी करत, तोच हा कान. आपल्याकडच्या तोडेदार बंदुकांची नळी लांब आणि जड असते, आणि दस्त्याला ती पितळी किंवा लोखंडी पट्ट्यांनी, कधी चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली असते. ही बंदूक दिसली की लोक लगेच शिवकाळात जातात. जरा थांबा. तोडेदार बंदुका आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातही वापरात होत्या, कारण त्या गावच्या लोहाराला दुरुस्त करता येत, आणि गारगोटी किंवा टोप्या विकत आणाव्या लागत नसत.

दुसरी चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा धरलेला, समोर उभी पोलादी पात, पातीखाली रंजकाची वाटी. गार पातीवर आपटते, ठिणगी वाटीत पडते. कंपनी सरकारच्या फौजेच्या बंदुका बरीच वर्षं याच होत्या. त्यांतली 'इंडिया पॅटर्न' म्हणून ओळखली जाणारी बंदूक कंपनीने आधी आपल्यासाठी करवून घेतली आणि १७९७ च्या सुमारास ब्रिटिश लष्करानेही तीच उचलली. तिची नळी ३९ इंच, म्हणजे साधारण ९९ सेंटिमीटर, तोंड पाऊण इंच, आणि नळी दस्त्याला आडव्या खिळ्यांनी बसवलेली.

तिसरी टोपीची. इथे वाटी नाही, पात नाही. घोड्याचं डोकं हातोडीसारखं, आतून पोकळ, आणि ते एका बारीक पोकळ खुंटीवर येऊन बसतं. खुंटीवर तांब्याची टोपी चढवायची, घोडा पडला की टोपीतला मसाला फुटतो. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये घेतलं. त्याला बदकांची शिकार आवडायची, आणि चकमकीचा उजेड बघून बदकं उडून जात. तांब्याच्या टोप्या त्यानंतर आल्या. म्हणजे बंदुकीला टोपीची खुंटी असेल तर १४ जानेवारी १७६१ ला ती त्या रूपात पानिपतावर असणं शक्य नाही. इथे मी शांतपणे चहा पितो आणि पुढचं वाक्य जरा उशिरा बोलतो.

'त्या रूपात' हे शब्द मात्र मुद्दाम वापरलेत. टोप्या आल्यावर हजारो चकमकी बंदुका टोपीवर बदलून घेतल्या गेल्या. हा बदल ओळखणं हा माझा सर्वांत आवडता भाग. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिच्याकडे बारकाईने बघा. जिथे पूर्वी वाटी आणि पातीची कमान होती तिथली भोकं बुजवलेली असतात, आणि त्यांच्या गोल कडा तिरप्या उजेडात दिसतात. नळीच्या कानात एक जाड नळकांडं बसवून त्यावर खुंटी उभी केलेली असते. घोडाही बाकी लोखंडापेक्षा वेगळ्या घडणीचा दिसतो. सदाशिव पेठेतल्या त्या बंदुकीवर अशी दोन भोकं होती. म्हणजे ती टोपीची होण्याआधी चकमकीची होती. म्हाताऱ्या काकांचा चेहरा जरा उजळला.

चौथा गट मागून भरायच्या बंदुकांचा. यांत लष्करी वंश आधी. घोडा बाहेर आहे आणि नळीच्या मागे कडेला उघडणारं झाकण आहे, ती स्नायडर. ही १८६६ पासून, मूळच्या ठासणीच्या एनफिल्ड रायफलींना मागून भरता यावं म्हणून केलेली सोय. बाहेर घोडाच नाही आणि चापाखाली लांब दांडा आहे, ती १८७१ ची मार्टिनी-हेन्री किंवा तिची भावंडं. मागे-पुढे सरकणारा खटका आहे, ती ली-मेटफर्ड किंवा ली-एनफिल्ड कुळातली. ती ३०३ ची असेल तर गप्पा तिथेच थांबवा. ३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, आणि त्याचा प्रश्न साध्या वारसा-परवान्याने सुटत नाही.

आणि दुनळी. ही पुण्यातल्या घरांत सर्वांत जास्त भेटते, आणि हिच्याबद्दल दंतकथा सर्वांत कमी असतात. बाहेर दोन घोडे असतील तर लोकांना ती फार जुनी वाटते, पण स्वस्तातल्या बेल्जियन दुनळ्यांना घोडे विसाव्या शतकातही असत. घोडे आत दडवलेली, चौकोनी पेटीची रचना अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये पेटंट केली. नळीच्या मागच्या कडेला वरून एक छोटी खाच असेल तर ती पिनच्या काडतुसाची, म्हणजे त्याहून आधीच्या पिढीतली.

या सगळ्यातून एक गोष्ट लक्षात आली असेल. यंत्रणा 'याच्या आधीची नाही' एवढंच खात्रीने सांगते. 'याच्या नंतरची नाही' हे ती कधीच सांगत नाही. तो शेवट गाठायला खुणा लागतात.

खुणा, आणि त्यातल्या फसव्या

कंपनी सरकारच्या जुन्या बंदुकांवर चार भाग केलेली बदामाच्या आकाराची खूण असते, त्या भागांत कंपनीची आद्याक्षरं. १८०८ च्या सुमारापासून तिच्या जागी मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंजात मुकुट धरलेला सिंह आला. सदाशिव पेठेतल्या बंदुकीवर गंजाखाली हा सिंह होता, एक पाय झिजलेला.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातल्या लष्करी बंदुकांवर मुकुट, त्याखाली 'व्ही.आर.', आणि पुढे साल व 'टॉवर' किंवा 'एनफिल्ड' असा शब्द असतो. 'टॉवर' म्हणजे ती लंडनच्या किल्ल्यात घडवली असं नाही. खासगी कारागिरांनी सरकारसाठी केलेल्या बंदुकांवरही तो शब्द ठोकलेला असतो. सरकारी मालमत्तेची खूण म्हणजे तीन फाट्यांचा बाण. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर ती बंदूक सरकारने विकून टाकलेली. खापरपणजोबांनी ती लढाईत जिंकली की लिलावात घेतली, याचं उत्तर कधी कधी त्या दोन बाणांत असतं.

खोट्या बंदुकाही याच खुणा लावून येतात. वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत इंग्रजी बंदुकांच्या नकला गावोगाव होत, आणि नकलणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसे. त्यामुळे अक्षरं उलटी पडतात, मुकुट कांद्यासारखा दिसतो, आणि मुकुटाखाली 'व्ही.आर.' असून साल १९०५ असतं. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली. त्यानंतरच्या सालासोबत तिची अक्षरं दिसली की हसायला हरकत नाही.

दुनळीच्या बाबतीत नळ्यांच्या खालच्या बाजूच्या बारीक ठशांना नावापेक्षा जास्त मोल आहे. नळी तपासणाऱ्या सरकारमान्य संस्था हे ठसे मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्याने उभं राहिलं. बर्मिंगहॅमचा जुना ठसा म्हणजे मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड. १९०४ पासून तिथे मुकुटाखाली 'बी.पी.', 'बी.व्ही.' अशी अक्षरं आली. अंडाकृती चौकटीत 'ई.एल.जी.' आणि त्याखाली तारा म्हणजे बेल्जियममधलं लिएज. त्या चौकटीच्या डोक्यावर मुकुट असेल तर ती नळी १८९३ नंतरची. चौकोनी हिऱ्याच्या आकारात '१२' आणि 'सी' असेल तर १२ बोअरचं काडतूस बसायचं घर, १८८७ पासूनचं. आणि 'नॉट फॉर बॉल' असे इंग्रजी शब्द दिसले तर ती १८७५ ते १८८७ या बारा वर्षांतली विलायती नळी. एवढा नेमका काळ दुसरी कुठलीच खूण देत नाही. हे ठसे बघायला नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्या लागतात, आणि ते काम विक्रेत्याकडेच होऊ द्या.

नळीवर लाटांसारखी नक्षी असेल तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली नळी आहे. दिसायला सुरेख. तिची ताकद काळ्या दारूपुरती. आजचं काडतूस तिच्यात घालणं म्हणजे डाव्या हाताची बोटं पणाला लावणं.

आणि आता नाव. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांचं, आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं नाव असेल तर ते बहुधा विकणाऱ्याचं. वेस्टली रिचर्ड्स, पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांच्यासारखं कारागिराचं नाव आणि नंबर असेल तर मात्र नशीब उघडलं. अशा घराण्यांच्या जुन्या वह्या टिकून आहेत, आणि नंबरावरून बंदूक कोणत्या साली, कोणासाठी घडली ते कळू शकतं. नुसतं 'लंडन' किंवा 'फाइन ट्विस्ट' लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

देवनागरी आकडे

इथे मराठी माणूस इंग्रजांपेक्षा जास्त चुकतो, कारण आकडा आपल्याला वाचता येतो. त्या बंदुकीच्या दस्त्यावरच्या पितळी पत्र्यावर '१७८०' असं स्पष्ट कोरलेलं होतं. घरच्यांनी ते इसवी सन धरलं होतं. पानिपतानंतर एकोणीसच वर्षं, म्हणजे जवळपास तेच, असा हिशेब.

आपल्याकडे कोरणारा माणूस इसवी सन कशाला कोरील? तो शक कोरतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि पौष-माघ-फाल्गुनातल्या बऱ्याच दिवसांसाठी ७९. शके १७८० म्हणजे १८५८. (पानिपत शके १६८२ मधलं, म्हणजे घरच्यांनी आपल्याच कॅलेंडरशी ताडून पाहिलं असतं तरी कळलं असतं.) उत्तरेकडून आलेल्या बंदुकीवर विक्रम संवत असू शकतो, त्यातून ५७ वजा करायचे. दख्खनी फसली सनात ५९० मिळवायचे, पेशवे दप्तरातल्या शुहूर सनात ५९९. फारसी अक्षरांत हिजरी सन असेल तर अशी सरळ बेरीज चालत नाही, कारण ते वर्ष चांद्र आहे, आणि तक्ता बघावा लागतो. आणि कधी कधी तो आकडा सालच नसतो. संस्थानांच्या शस्त्रागारांत बंदुकांवर अनुक्रमांकही कोरत.

मोडी अक्षरं असतील तर फोटो घेऊन भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. पुण्यात मोडी वाचणाऱ्यांची वाण नाही. घडणीची तुलना करायची असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली शस्त्रं सावकाश बघून या. दोन्हीकडे फोटोच न्या, बंदूक नको.

माप

नळीची लांबी तोंडापासून कानापर्यंत घ्या. तोंडाचा व्यास व्हर्नियरने मोजतात. साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास म्हणजे १२ बोअर, पावणेसतरा म्हणजे १६, साडेपंधरा म्हणजे २०. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते, कारण १२ बोअर म्हणजे त्या नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड. मोजताना नळीसमोर उभं राहायचं नाही, आणि बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकाराने केल्याशिवाय मोजायचंच नाही.

पितांबरी लावू नका

आमच्या स्वतःच्या घरातली दुनळी माझ्या काकांनी एका दसऱ्याला पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. पट्टीवर विक्रेत्याचं नाव होतं, ते गेलं. आता ती कुठून घेतली हे आम्हाला कधीच कळणार नाही, आणि काका अजून म्हणतात, "पण दिसते कशी बघ!" पितांबरी, चिंच, राख, वाळूचा कागद, रॉकेलमध्ये बुडवणं, यांतलं काहीही नको. खंडेनवमीला वर्षानुवर्षं वाहिलेलं हळद-कुंकू कोरीवकामात बसलेलं असतं, ते ओलं झालं की लोखंडाला खातं. ते कोरड्या मऊ ब्रशने काढायचं, बस. कायद्याचं सगळं मार्गी लागल्यावर, बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावर, लोखंडी भागावरून यंत्राच्या पातळ तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात किंवा लोकरी कापडात ठेवू नका, दोन्ही ओल धरतात.

विकायचा विचार असेल तर परवान्याच्या चौकटीबाहेर तो करता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू म्हणून १९७२ च्या कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर पाठवायला मनाई आहे. अमेरिकेतल्या भाच्याला दिवाणखान्यात लावायला पाठवायचं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका.

सगळं बघून झालं की एका कागदावर नोंद करा आणि परवान्याच्या अर्जाला जोडा. एक प्रत घरच्या कागदांत ठेवा. त्या सदाशिव पेठेतल्या बंदुकीची आमची नोंद अशी झाली:

ठासणीची एकनळी. नळी ३९ इंच, आतून गुळगुळीत, तोंड सुमारे पाऊण इंच, आडव्या खिळ्यांनी बसवलेली. मूळ चकमकीची, नंतर टोपीवर बदललेली, पट्टीवर बुजवलेली दोन भोकं. पट्टीवर कंपनीचा सिंह, म्हणजे सुमारे १८०८ नंतरची. दस्त्याच्या पत्र्यावर देवनागरीत १७८०, बहुधा शक, म्हणजे १८५८. घोडा नंतरचा. गज हरवलेला. पोलीस ठाण्यात जमा, पावती सोबत. कौटुंबिक माहिती: पानिपतावर होती असं काका सांगतात.